ज्योत टिकली तो दिवस

मुलीला नव्या विमानतळावर सोडायला गेले होते. वाऱ्यावर इंधनाचा रॉकेलसारखा वास आला आणि मी मनाने थेट रबाळ्याच्या कारखान्यातल्या त्या जुन्या शेडमध्ये पोचले.

तिथे आम्ही गॅस टर्बाइनचा ज्वलनकक्ष, म्हणजे इंधन जळतं तो भाग, तयार करत होतो. हवेचा जोर वाढवला की आतली ज्योत विझायची. साहेब म्हणाले होते, "या चाचणीत टिकली नाही तर प्रकल्प बंद."

आमचे फिटर तांडेलकाका दिवाळे या खाडीकाठच्या कोळीवाड्यातले. आदल्या दिवशी काचेतून आत बघत ते म्हणाले, "मॅडम, खाडीत खांबाच्या मागं पानी उलटं फिरतं, तिथं होडी निवांत राहते. या ज्योतीला तसा आडोसा कुठं हाय?"

मी ड्रॉइंग पुढे ओढलं. हवेला भोवरा देणारी पाती मीच जेमतेम तिरकी ठेवली होती, दाब घटेल या भीतीने. भोवरा जोरदार झाला तर मधली हवा उलटी फिरून तसाच आडोसा देईल, म्हणून मी कोन वाढवला, काकांनी नवी पाती जोडली.

चाचणी सुरू झाली. ज्योत ताणली गेली, थरथरली आणि भोवऱ्यात निळीशार बसली. मी हवेचा व्हॉल्व्ह फिरवत राहिले. शेड घुमत होती.

तेव्हा वाटलं, मी जिंकले. आज वाटतं, काकांचा प्रश्न मी कानाआड केला नाही, तिथेच जिंकले होते.

"काका, अजून वाढवू?" त्या क्षणी मी ओरडले.

काका हसत सुटले. "व्हॉल्व्ह पुरा उघडलाय, मॅडम! आता वाढवायला काय उरलंच नाय!"