देवाच्या बत्तीस खुर्च्या

थोरल्यांच्या धंद्यात देव भागीदार होता. आणि भागीदारही असा की कधी दुकानात येऊन बसत नसे, कधी वाद घालत नसे. दुकान खुर्च्यांचं. वडिलांनी घालून दिलेला नेम असा: दर एकविसावी खुर्ची देवाची. ती विकायची नाही, तिच्यावर शिक्का मारायचा नाही आणि द्यायची ती गुपचूप. देणाऱ्याचं नाव फुटलं की पुण्य संपलं. या नेमाला लेखी पुरावा अर्थातच नाही. पण देवाच्या खुर्च्या माळ्यावर साठत असत, याची साक्ष घरातल्या प्रत्येकाच्या डोक्यावरचं टेंगूळ देऊ शकलं असतं.

बत्तीस झाल्या तेव्हा थोरल्यांनी त्या एका पहाटे वाचनालयाच्या व्हरांड्यात उतरवल्या. ओळख पटू नये म्हणून नेहमीचा टेम्पो टाळून दुसरा घेतला. चूक झाली ती इथेच. हा दुसरा टेम्पो एरवी रस्त्यापलीकडच्या फर्निचरवाल्याचा माल वाहत असे. त्या गृहस्थांचा उल्लेख थोरल्यांच्या घरात गेली तीस वर्षं 'समोरचे' एवढाच होई. पहारेकऱ्याने टेम्पो ओळखला आणि आठवड्याभरात समोरच्यांचा सत्कार ठरला.

"सांगून टाका की एकदाचं," थोरल्यांची बायको म्हणाली.

"सांगितलं तर बाबांचा नेम मोडतो. पुण्य जातं."

"पुण्य राहिलं हो, पण भूक गेलीय त्याचं काय? दोन दिवस ताटाकडे बघून उसासे टाकताय."

सत्काराला थोरले दुसऱ्या रांगेत बसले. व्यासपीठावर त्यांच्याच खुर्चीत समोरचे. माणूस प्रामाणिक निघाला. उठून म्हणाला, "या खुर्च्या मी दिलेल्या नाहीत." केवढा हा विनय, म्हणून सभागृहाने टाळ्या वाजवल्या. "अहो, खरंच नाहीत!" टाळ्या वाढल्या. हताश होऊन ते मटकन खाली बसले, आणि खुर्ची करकरली.

"फुकटचा माल, दुसरं काय," थोरल्यांच्या शेजारचे आजोबा पुटपुटले.

थोरल्यांनी नावावर पाणी सोडलं होतं, कामावर नव्हे. वडिलांनी स्वतः घडवलेला पंचकोनी पाना त्यांच्या खिशात कायम असे. त्यांच्या खुर्च्यांचे बोल्ट फक्त त्यानेच फिरत. ते तडक व्यासपीठावर चढले, "हलू नका," असं बजावून खुर्चीखाली शिरले आणि अर्धा फेरा आवळला. करकर थांबली.

समोरच्यांनी वाकून पाहिलं. "हा पाना तर तुमचा. म्हणजे खुर्च्यासुद्धा..."

"गप्प बसा! माझं पुण्य आता तुमच्या तोंडात आहे."

"पण मग हा गुच्छ मी कोणत्या तोंडाने घेऊ?"

"त्याच. मिटलेल्या."

समोरच्यांनी गुच्छ घेतला. पण आयता सत्कार त्यांना पचेना. महिन्याभराने त्याच व्हरांड्यात पहाटे आठ टेबलं निनावी उतरली. खबरदारी म्हणून त्यांनीही नेहमीचा टेम्पो टाळला होता. जो मिळाला तो थोरल्यांचा.

सत्काराचं पत्र हाती पडताच थोरले टेबलं पाहायला गेले आणि लालबुंद होऊन परतले. "आठच्या आठ डुगडुगतायत! आणि लोक म्हणतात, थोरल्यांनी दिली!"

"मग सांगायचं, माझी नाहीत म्हणून."

"सांगितलं! टाळ्या वाजवल्या मेल्यांनी!"

"मग आवळून यायचं ना. पाना आहे की खिशात."

थोरले खुर्चीत बसले. खिशातला पाना काढून त्यांनी मांडीवर ठेवला. "लागत नाही," ते म्हणाले. "त्यांचे बोल्ट चौकोनी आहेत."

"मग जा समोर, त्यांचा मागून आणा."

तीस वर्षांत पहिल्यांदाच थोरल्यांनी रस्ता ओलांडला.