संगणकानं दिलेला मंगळवार

माझे वडील नारपोलीतल्या एका पॉवरलूम कारखान्यात जॉबर होते. माग बिघडला की तो दुरुस्त करून चालू करायचा, हे त्यांचं काम. त्या खडखडाटात वीस वर्षं काढून त्यांचे कान अर्धे गेले होते, त्यामुळे घरात सगळेच त्यांच्याशी मोठ्यानं बोलत. मी तर वाचूनही मोठ्यानंच दाखवायचे. बाबा चौथीपर्यंत शिकलेले. अक्षरं लावून वाचता यायचं त्यांना, पण पान संपेपर्यंत गोष्टीतली गोडी जाते, असं ते म्हणत. म्हणून मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला गेले तरी आमचा क्रम तोच होता. दिवसपाळी करून आले की हातपाय धुऊन ते भिंतीला टेकून बसत आणि विचारत, "आज काय आनलास गो?"

बहुतेक वेळा मी वाचनालयातलं पुस्तक आणलेलं असायचं. एका कार्डावर एकच पुस्तक मिळे, म्हणून मी जाडजूड कादंबऱ्या निवडायचे. पण त्या वर्षी आणखी एक सोय झाली. कॉलेजच्या रस्त्यावर सुताच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर सायबर कॅफे निघाला. प्लायवूडच्या फळ्या लावून केलेले सहा कप्पे, प्रत्येकात एक संगणक. मालकाला सगळे भाई म्हणत. आठवड्यातून दोनदा मी तिथे अर्धा तास बसायचे. अभ्यासासाठी, असं घरी सांगितलं होतं, आणि पहिली पाच मिनिटं अभ्यास होतही असे.

उरलेल्या वेळात मी विचित्र माणसं शोधायचे. कुठल्याशा देशातली एक ग्रंथपाल बाई परत आलेल्या पुस्तकांत सापडलेल्या वस्तूंची यादी ठेवत होती. त्यात अर्धा कंगवा होता, कुणाचं तरी प्रेमपत्र होतं आणि तळलेल्या मांसाचा वाळका तुकडा होता, खूण म्हणून ठेवलेला. एक माणूस आपल्या मांजराचं रोज वजन करून ते जगाला कळवत होता. मी हे सगळं वहीत उतरवून आणायचे आणि बाबांना मराठीत करून सांगायचे. मांजराचं वजन त्यांना फार आवडलं. घरच्या माणसासारखी चौकशी करत, "काल कमी व्हतं, आज भरलं का?" आई म्हणे, मांजराची एवढी काळजी, आणि मुलगी वाळलीय ते कुणाला दिसत नाही.

ती साइट मला अशीच सापडली. काळा पडदा आणि वर एक घड्याळ. जन्मतारीख, वजन, तंबाखूची सवय, स्वभाव आनंदी की निराश, एवढं भरायचं. मग तुम्ही कोणत्या दिवशी मरणार ते ती सांगे, आणि खाली उरलेले सेकंद उलटे पळायला लागत. मी आधी स्वतःची माहिती भरली. म्हातारी होऊन मरणार होते. आईची भरली, तीही बरीच जगणार होती. रात्री घरात हशा होईल म्हणून मी दोन्ही तारखा वहीत लिहिल्या आणि बाबांची माहिती भरली. जन्मतारीख मला पाठ होती, कारण त्यांचे सगळे अर्ज मीच भरायचे. एक जून. तंबाखू, हो. स्वभाव, बराच विचार करून, निराश टाकला, कारण दोन दिवसांपूर्वी ते पगारवाढीबद्दल "आपलं काय व्हनार न्हाय" म्हणाले होते.

पडद्यावर पुढच्या वर्षीच्या मार्चमधली तारीख आली. मंगळवार.

खाली सेकंद पळत होते. मी पुन्हा माहिती भरणार तेवढ्यात भारनियमनामुळे वीज गेली आणि सहाही कप्पे काळे झाले. भाई बाहेरून म्हणाला, "दीदी, अब दो घंटा भूल जाओ." मी अंधारात तशीच बसून राहिले.

त्या दिवशी घरी बाबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, आणि मी म्हणाले, "आज काही नाही मिळालं." आयुष्यात त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं खोटं असेल असं नाही, पण लक्षात राहिलेलं पहिलं आहे.

हे सगळं थोतांड आहे हे मला कळत होतं. ज्या यंत्रानं कधी बाबांना पाहिलं नाही, त्याला काय कळणार? तरी दोन दिवसांनी मी परत गेले आणि परत माहिती भरली. तीच तारीख. तंबाखू काढून टाकली तर तीन वर्षं वाढत होती. स्वभाव आनंदी केला तर आणखी बरीच. मग मी घरात तंबाखूची पुडी लपवायला लागले. कधी तांदळाच्या डब्यात, कधी माझ्या पुस्तकांमागे. बाबा कोपऱ्यावरून नवी आणत. त्यांना आनंदी ठेवायचे माझे प्रयत्न तर आणखीच फसले. मी विनोदी काही वाचायला घेतलं की मध्येच माझी ओळ चुके, आणि ते माझ्याकडे बघत राहत.

कारखान्यात मी लहानपणापासून अधूनमधून डबा घेऊन जायचे. पण आता तिथे गेले की मला फक्त धोके दिसत. मागाचा धोटा, म्हणजे आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा तो टोकदार लाकडी तुकडा, कधी कधी उडतो. फिरणाऱ्या पट्ट्यात बाही अडकते. हवेत कापसाची बारीक लव तरंगत असते, ती बाबांच्या भुवयांवर बसलेली असे, आणि ते खोकत. हा खोकला आधीपासून होता का, हे मला काही केल्या आठवेना.

वाचनालयातून मी कादंबऱ्या आणणं बंद केलं. फुफ्फुसांचे विकार, हृदयरोग आणि आपण, घरगुती प्रथमोपचार अशा विषयांची पुस्तकं एकामागून एक नेली. प्रत्येक पुस्तकात बाबांचं एखादं तरी लक्षण सापडायचं. जानेवारीत वाचनालयातल्या बाईंनी माझं कार्ड हातात धरून ठेवलं. बाई पन्नाशीच्या, फार कमी बोलणाऱ्या.

"घरात कुणी आजारी आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"तू आजारी आहेस?"

"नाही."

"मग चार महिने तू हे काय वाचतेस?"

एवढी पुस्तकं वाचणारी मुलगी संगणकावरच्या खेळाला घाबरली, हे त्यांच्यासमोर कसं म्हणायचं? मी म्हणाले, "माहिती असावी म्हणून." बाईंनी पुस्तकावर शिक्का मारला, पण देताना म्हणाल्या, "माहिती एका बैठकीत होते. एवढं पुन्हा पुन्हा वाचतात ते भीतीनं." मी घरी येईपर्यंत रडले नाही.

तो मंगळवार उजाडला तेव्हा माझं ठरलं होतं. बाबांना कामावर जाऊ द्यायचं नाही. मी सकाळीच पोट धरून आडवी झाले. फार दुखतंय म्हणाले. आईनं ओवा दिला, गरम पाण्याची बाटली दिली. बाबा डबा घेऊन दारात उभे होते.

"तुम्ही जाऊ नका," मी म्हणाले.

त्यांना नीट ऐकू गेलं नाही. मी ओरडून पुन्हा म्हणाले. शेजारच्या खोलीतलं भांडी घासणं थांबलं. बाबांनी डबा खाली ठेवला, शेजारी येऊन बसले आणि माझ्या कपाळाला हात लावला. ते कधी खाडा करत नसत. तापातही त्यांना कामावर जाताना मी पाहिलं होतं. तासभर ते तसेच बसून राहिले, आणि मग म्हणाले, "पोटात काय न्हाय तुझ्या. काय झाला सांग."

मी उशीखालून वही काढली आणि ते पान त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी अक्षरं लावत वाचलं. वर आईचं नाव, माझं नाव, खाली त्यांचं, आणि आजची तारीख. मी सगळं सांगितलं. घड्याळ, सेकंद, तंबाखूची पुडी, पुस्तकं. आई मध्येच "अगं बाई" म्हणून खाली बसली.

बाबांनी स्वतःच्या नावावर बोट ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "त्या मशिनला माझी जन्मतारीख कुनी सांगली?"

"मी. एक जून."

त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. ते हसत होते.

"ती मास्तरची तारीख हाय," ते म्हणाले. "बानं मला शाळंत नेला. मास्तर म्हनला, उजवा हात डोक्यावरनं घे, डावा कान धर. धरला, म्हंजी सा वर्साचा झाला. मंग लिवला एक जून. आमच्या वर्गातली समदी पोरं एक जूनची."

"मग खरी कोणती?"

"मला काय ठावं? तुझ्या आत्याला ठावं असंल."

आत्या त्यांची थोरली बहीण. पडघ्याच्या अलीकडे नाशिक रस्त्यापासून आत बाबांचं गाव, तिथेच ती राहायची. बाबा उठले आणि शर्टाची बटणं लावायला लागले. "खाडा झालाच हाय. चल, इचारून येऊ."

मी नको म्हणाले. उद्या जाऊ, रविवारी जाऊ. तारीख खोटी निघाली होती, हे मला ऐकू आलं होतं, पण मनात उतरलं नव्हतं. नाशिक रस्त्यावर ट्रक कसे धावतात ते मला माहीत होतं, आणि दिवस तोच होता. बाबांनी ऐकलं नाही. एसटीत मी त्यांना खिडकीपासून दूर बसवलं. दर वेळी ट्रक समोरून आला की मी त्यांचा दंड धरायचे, आणि ते माझ्या हातावर हात ठेवून पुढे बघत राहायचे.

आत्या अंगणात वाल सोलत होती. आम्हाला अवेळी बघून तिनं आधी विचारलं, कोण गेलं? बाबा म्हणाले, "कुनी न्हाय. मी कवा जलमलो ते इचारायला आलोय." तिनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग सूप बाजूला ठेवलं.

"झोडनीचं दिस व्हतं," ती म्हणाली. "आय खळ्यावर भात झोडत व्हती. मधीच उठली, घरात गेली. मी पेंढ्यावर बसलेली. बानं मला सांगला, आत जाऊ नको. त्याच सालात हिर बांधली. सिमेंट वलं व्हतं तवा, तू पाळन्यात."

विहीर घरामागेच होती. आम्ही तिघं तिथे गेलो. कठड्यावर खिळ्यानं कोरलेलं साल होतं, शेवाळ खरवडल्यावर दिसलं. शाळेच्या दाखल्यातल्या सालाच्या दोन वर्षं आधीचं. भात झोडतात कार्तिकात. मी बोटांवर मोजलं, मग पुन्हा मोजलं. बाबा दाखल्यापेक्षा दीड वर्षानं मोठे होते. म्हणजे त्या संगणकाच्या हिशेबानं त्यांचा दिवस दीड वर्षापूर्वीच होऊन गेला होता. मी साइट उघडली त्याच्याही कितीतरी आधी.

मी हे सांगितलं तेव्हा बाबांना ते नीट समजायला दोनदा सांगावं लागलं. मग ते आत्याला म्हणाले, "मी मागंच गेलोय." आत्यानं त्यांच्या पाठीत धपाटा घातला आणि मला म्हणाली, शिकून हेच शिकलीस का गं. मी विहिरीच्या कठड्यावर बसून रडले. आत्यानं पदरानं माझं तोंड पुसलं आणि वालाचं गाठोडं बांधून दिलं.

परतीच्या बसमध्ये बाबांना डुलकी लागली. भीती संपायला हवी होती. पण आता मनात दुसरंच चालू झालं होतं. निदान मघापर्यंत एक तारीख होती. तिच्यापर्यंत मला बाबांना सांभाळून न्यायचं होतं, आणि त्यासाठी मी पुड्या लपवत होते, पुस्तकं वाचत होते. आता कुठलीच तारीख नव्हती. कुठलाही दिवस असू शकत होता. मी झोपलेल्या बाबांच्या छातीकडे बघत राहिले, वर जाते का, खाली येते का.

रविवारी त्यांनी हट्ट धरला की ते मशीन मला दाखव. कॅफेत भाईनं त्यांच्यासाठी खुर्ची पुसून दिली. मी कार्तिकातली एक अंदाजे तारीख टाकली, साल विहिरीवरचं. स्वभावाच्या रकान्याशी थांबले आणि विचारलं, "बाबा, तुम्ही आनंदी की निराश?"

"काय?"

"आनंदी की निराश?" मी ओरडले. बाकीच्या कप्प्यांतली डोकी वर आली.

बाबांनी खरंच विचार केला. "कामावर निराश," ते म्हणाले. "घरी न्हाय." तसा पर्याय नव्हता. मी निराशच ठेवलं, हिशेब तोच राहावा म्हणून. घड्याळात सगळी शून्यं आली आणि इंग्रजीत एक ओळ उमटली, की आपली वेळ संपलेली आहे. मी मराठीत सांगितलं. बाबा भाईकडे वळून म्हणाले, "भाई, अपना तो हो गया." भाई हसला, ते हसले, आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली. ती लवकर थांबेना. भाईनं पाणी आणून दिलं.

या वेळी मी गप्प बसले नाही. रस्त्यावर आल्यावर मी त्यांच्या कानाजवळ जाऊन सांगितलं, की पुस्तकात लिहिलंय, कापसाच्या लवेनं असा खोकला होतो आणि वाढतो. तपासायला हवं. ते म्हणाले, "ही पन मशिनची तारीख हाय का?" मी म्हणाले, नाही, हे वाचनालयातलं आहे.

मग बाबा म्हणाले, "जाऊ."

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. फुफ्फुसं पूर्ण चांगली नव्हती, पण फार वाईटही नव्हती. तंबाखू सोडायला सांगितली, आणि कामावर तोंडाला फडकं बांधायला. फडकं ते बांधू लागले. तंबाखू त्यांनी दोनदा सोडली.