रेग्युलेटरचा वारस

वासुदेवकाका छत्रीबागेत आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. एकतीस वर्षं त्यांनी एका कॉलेजच्या ऑफिसात जुनी कागदपत्रं सांभाळली. त्यांना पोहता येत नाही. समुद्राचा तळ एकदा बघायचा, हे त्यांनी मागच्या मार्चमध्ये ठरवलं.

मालवणच्या डायव्हिंगवाल्यांनी फोनवर सांगितलं, पोहता आलं नाही तरी चालेल, आमचा माणूस हात धरून खाली नेईल. फक्त साठीनंतर घेत नाही. काका ६ जानेवारीला साठचे होणार होते.

अडचण एकच होती. पाण्याखाली श्वास घ्यायचा तो एक तुकडा तोंडात धरून. तो रोज पन्नास लोकांच्या तोंडात जातो. काकांनी आयुष्यात दुसऱ्याच्या पेल्यातून पाणी प्यायलेलं नाही.

"उष्टं मी समुद्राच्या तळाशीसुद्धा तोंडात घेणार नाही," ते म्हणाले.

मालवणवाले म्हणाले, मग तुमचा रेग्युलेटर आणा. पण कंपनीकडून सर्व्हिसिंग झाल्याचा कागद पाहिजे. रेग्युलेटर म्हणजे टाकीतली दाबाखालची हवा माणसाला सोसेल इतकी करून तोंडात देणारं यंत्र. काकांना तो मानपुरला हायवेवरच्या भंगारवाल्याकडे सापडला. ट्रकच्या दिव्यांखाली पडलेला. भंगारवाला त्याला गॅसच्या शेगडीचा भाग समजत होता. काकांनी तोंडात धरायचा रबरी तुकडा बदलून नवा लावला आणि उष्ट्याचा प्रश्न मिटला असं जाहीर केलं.

कंपनी परदेशातली. मी इंग्रजी साहित्यात एमए केलंय, म्हणून ईमेल लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. मी प्रबंध लिहिला तेव्हाही माझी एवढी वाक्यं कोणी तपासली नव्हती. काका प्रत्येक ईमेलला जावक क्रमांक द्यायचे.

चौथ्या स्मरणपत्राला उत्तर आलं. हे मॉडेल बंद झालंय. सुटे भाग विकत मिळणार नाहीत. थोडे राखून ठेवलेत, ते फक्त पहिल्या मालकासाठी किंवा त्याच्या जवळच्या कुटुंबीयांसाठी. सोबत, यंत्रावरच्या नंबरावरून शोधलेलं, पहिल्या मालकाचं नाव आणि गाव होतं. पंढरीनाथ जगदाळे, महू.

आम्ही महूला गेलो. पंढरीनाथजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, फौजेतून रिटायर झालेले. नंतर बरीच वर्षं पाण्यात उतरून धरणांच्या भिंती तपासायचे. बायको गेली, मूलबाळ नाही. रेग्युलेटर त्यांनी ओळखला, उलटासुलटा करून पाहिला. मी सुचवलं, तुमच्या नावानं अर्ज करा, काम होऊन जाईल.

"विकला तो विकला," ते म्हणाले. "माझा आहे असं खोटं मी लिहिणार नाही, भिया."

मला वाटलं, संपलं. पण काका माझ्याकडे पाहतच नव्हते. त्यांचे पणजोबा होळकर दरबारच्या दफ्तरात होते. दत्तकाचे कागद लिहायचे. एवढी संस्थानं दत्तकावर चालली, काका म्हणाले, हे तर फक्त एक यंत्र आहे.

पंढरीनाथजींनी दोन दिवस मागितले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. येताना नारळ आणा म्हणाले.

दत्तक द्यायला आईवडील लागतात. काकांचे दोघंही कधीच गेलेले. मग स्मिताकाकूंनी दिलं. त्यांनी नवऱ्याच्या हातावर पाणी सोडलं आणि मला म्हणाल्या, लग्नाला तेहतीस वर्षं झाली, सासरा आत्ता आला. स्टॅम्प पेपर झाला. पेढे झाले. मी म्हणालो, आता निघू या. काका म्हणाले, मांडीवर बसल्याशिवाय दत्तक होत नाही.

काकांचं वजन ब्याऐंशी किलो. पंढरीनाथजींच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. दुसरी मांडी ठरली. काका टेकले न टेकले, तेवढ्यात मी फोटो काढला आणि स्टॅम्प पेपरसोबत कंपनीला पाठवला.

कंपनीनं अभिनंदन केलं. पुढे एक ओळ होती: फोटोतला मुलगा कोणता, ते कृपया कळवावं.

मी कळवलं.

भाग मंजूर झाले. शेवटच्या फॉर्मवर पहिल्या मालकाची सही हवी होती. पंढरीनाथजींनी पेन उघडलं आणि परत बंद केलं.

"याला पोहता येतं?" त्यांनी मला विचारलं.

काका म्हणाले, नाही, बाबा.

मग सही नाही, ते म्हणाले. पोराला असं पाण्यात सोडणार नाही. काकांनी मालवणचा तो हात धरणारा माणूस पुन्हा पुन्हा सांगितला. ऑक्टोबर गेला. नोव्हेंबरभर काका दर रविवारी महूला जाऊन खालमानेनं बसायचे. डिसेंबर लागताच सही मिळाली. अट अशी की बाबा सोबत येणार, आणि काकांच्या कमरेला दोरी असणार.

२८ डिसेंबरला आम्ही चौघं मालवणला होडीत बसलो. सर्व्हिसिंग झालेला रेग्युलेटर टाकीला लावला होता. कागद काकूंच्या पर्समध्ये. हात धरणारा माणूस आधीच पाण्यात उतरला होता, काका कडेला बसले. तेवढ्यात पंढरीनाथजींनी रेग्युलेटर उचलला, स्वतःच्या तोंडात घातला, दोन लांब श्वास घेतले, मान हलवली आणि काकांच्या पुढे धरला.

काकू माझ्याकडे पाहायला लागल्या. दहा महिने, अकरा स्मरणपत्रं आणि एक दत्तकविधान ज्याच्यासाठी झालं, ते सगळं आता त्या ओल्या रबरावर अडलं होतं. मी रुमाल काढला.

काकांनी तो घेतला नाही.

"बापाचं उष्टं धरत नाहीत," ते म्हणाले, आणि तसंच तोंडात घालून मागच्या मागे पाण्यात पडले.

दोरीचा हिशेब ठरलेला होता. वरून एक झटका म्हणजे ठीक आहेस का. खालून दोन म्हणजे ठीक आहे. पंढरीनाथजी दर दहा सेकंदांनी विचारत होते. अठरा मिनिटं.

काका वर आले. मी विचारलं, तळ कसा आहे?

"पाहू कुठे दिला यार," ते धापा टाकत म्हणाले. "सगळा वेळ उत्तरं देण्यात गेला."

"दोनदा उशिरा दिलंस," पंढरीनाथजी म्हणाले. ते दोरी नीट गुंडाळून ठेवत होते. "साठीला नऊ दिवस आहेत अजून. उद्या परत उतर. दर विसाव्या सेकंदाला विचारीन."