साडभाऊंच्या कॅमेऱ्यातला अंधार

यंत्रावर विश्वास ठेवायचा नाही, हे ज्यांनी आयुष्याचं व्रत केलं आहे अशा माणसांत आमच्या साडभाऊंचा नंबर यवतमाळ जिल्ह्यात तरी पहिला लागेल. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. मी त्यांना दादा म्हणतो. राहतात आर्णीला. उभी नोकरी गुरांच्या दवाखान्यात गेली. बैलाला ताप आहे की नाही हे ते त्याच्या कानाला हात लावून सांगत आणि मग थर्मामीटर लावत, तोही थर्मामीटर बरोबर चालतो का ते पाहायला. त्यांच्या घरात समोरासमोरच्या भिंतींवर दोन घड्याळं आहेत, ती एकमेकांवर लक्ष ठेवण्यासाठी. मोटरसायकलचा पेट्रोलचा काटा त्यांच्या लेखी शोभेची वस्तू आहे. ते टाकीत तुऱ्हाटी, म्हणजे तुरीची वाळकी काडी, बुडवून पाहतात. कुकरच्या शिट्ट्यांवरही त्यांचा भरवसा नाही, म्हणून झाकण कधी उघडायचं ते वासावरून तेच सांगतात आणि त्यांच्याकडचं वरण दाताखाली किंचित कचकचतं. ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, यावर वाद घालणं केव्हाच सोडून दिलं आहे. वाद निघालाच तर दादांचं उत्तर ठरलेलं, "मशीन काय सांगते ते मशीनपाशी. मी डोयानं पाहून राह्यलो ना."

अशा माणसाने निवृत्तीनंतर कॅमेरा घ्यावा ही गोष्ट घरात कोणालाच पटली नाही. पण दादांनी घेतला, आणि तोही नव्या पद्धतीचा, आत आरसा नसलेला. जुन्या कॅमेऱ्याला डोळा लावला की समोरचं जसंच्या तसं दिसायचं. या नव्या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये इवलासा टीव्ही असतो आणि आपण त्यात बघायचं. टीव्ही म्हटला की त्याचा ब्राइटनेस आला, आणि ब्राइटनेस आला की दादा आले. उन्हातले फोटो ठीक येत. पोळ्याचे बैल, सोयाबीनचे ढीग, नदीवरची ढोरं, सगळं छान. पण दादांना ओढ होती ती अंधाऱ्या जागांची. मंगल कार्यालयाचा हॉल, विहारातला कार्यक्रम, शाळेचं गॅदरिंग, जिथे म्हणून दिवे मालवून स्टेजवर तेवढा उजेड ठेवतात तिथे दादा आमंत्रण असो नसो पोचत. आणि तिथेच व्ह्यूफाइंडर त्यांच्याशी वैर धरे. त्यांना आत काळंशार दिसे.

यावर त्यांनी केलेले उपाय तालुक्याला माहीत आहेत. बाजूचा उजेड डोळ्यांत शिरतो म्हणून हे होतं असं त्यांच्या मनाने घेतलं, तेव्हा ते ताईंची काळी शाल डोक्यावरून कॅमेऱ्यापर्यंत पांघरून उभे राहू लागले. दिग्रसच्या एका लग्नात त्यांना तसं पाहून वधूपक्षाच्या एका म्हाताऱ्या बाईंनी पाण्याचा पेला आणून हातात दिला आणि खुर्चीवर बसवलं. फोटो काढून राह्यलो असं ते शालीच्या आतून सांगत होते, पण बाईंनी पाणी पिऊन झाल्याशिवाय हलू दिलं नाही. मग त्यांनी मेनूत शिरून ब्राइटनेस चढवला. एक घर, दोन घरं, करता करता अगदी शेवटपर्यंत नेला. तरी दिसेना. नागपूरच्या एका दुकानात कॅमेरा नेला, तर तिथल्या माणसाने डोळा लावला आणि पटकन मागे घेतला. त्याने समजावून सांगितलं की हा ब्राइटनेस फक्त आपल्या बघण्यापुरता आहे, त्याने फोटो उजळ होत नाही की काळा होत नाही. फोटोचा उजेड वेगळा, त्याचा काटा खाली दिसतो, तो पाहून फोटो काढावा. दादांनी काट्याचं नाव ऐकलं आणि ते कॅमेरा घेऊन परत आले.

त्यामुळे व्हायचं ते झालं. आतलं चित्र नीट दिसेपर्यंत ते फोटोचाच उजेड वाढवत राहिले. अंधाऱ्या हॉलमधल्या त्यांच्या फोटोंत माणसं पिठाच्या गिरणीतून थेट स्टेजवर आल्यासारखी दिसू लागली. कपाळ कुठे संपतं आणि नाक कुठे सुरू होतं ते अंदाजाने ओळखायचं. लोक हसत, दादा कंपनीला बोल लावत, आणि हे असंच चाललं असतं, पण मध्ये ताईंचं नाटक आलं.

ताईंच्या महिला मंडळाने एक नाटक बसवलं होतं आणि त्यात ताई खाष्ट सासू झाल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तोंडाला रंग लावला होता. यवतमाळच्या हॉलमध्ये भर दुपारी पडदे ओढून प्रयोग झाला. आम्ही सगळे गेलो होतो. ताईंनी दारातून नुसतं पाऊल आत टाकलं की हॉल हसत होता, आणि दादा पहिल्या रांगेसमोर शाल पांघरून आदीपासून अंतापर्यंत फोटो काढत होते. घरी येऊन ते फोटो कॉम्प्युटरवर लावले. सासू नव्हती, सून नव्हती, रंगीत लुगड्यांवर पांढरे गोळे होते. ताईंनी सगळे फोटो बसून पाहिले. म्हणाल्या, "लुगडं बरं आलं." आणि चहा ठेवायला आत गेल्या. त्या दिवशी दादांनी कंपनीला बोल लावला नाही.

पुढच्या रविवारी मी आर्णीला गेलो तेव्हा घर बंद आणि गोठ्यातून बोलण्याचा आवाज. पाहतो तर दादांनी गोठ्याची दारं लावून, झरोक्यांना पोती लावून भरदुपारी अंधार केला होता. कोपऱ्यात ताई टॉर्च धरून उभ्या होत्या आणि तो उजेड म्हशीच्या तोंडावर पडला होता. स्टेजचा प्रयोग चालला होता. म्हैस काळी, तेव्हा हिच्यावर जमलं तर कोणावरही जमेल असा हिशेब होता. दादांनी कॅमेरा माझ्या हातात दिला आणि काही दिसतं का ते बघायला सांगितलं. मी डोळा लावला आणि दिपून मागे घेतला. आत म्हशीच्या नाकावरचा घामाचा थेंब दिसत होता. मी तसं सांगितलं. मी पाहुणा म्हणून मन राखतो आहे असं त्यांना वाटलं. त्यांनी ताईंना बघायला लावलं. ताई म्हणाल्या, म्हशीच्या कानामागे गोचीड आहे.

दादांनी कॅमेरा घेतला, उजव्या डोळ्याला लावला, बराच वेळ पाहिलं. मग मीच चाचरत म्हणालो, "दादा, दुसरा डोळा लावून पाहा ना."

डावा डोळा ते कधी लावत नसत. त्यांनी लावला. आणि तेही दिपून मागे सरकले. म्हैस रवंथ करत होती, ताईंच्या हातातला टॉर्च हलला नाही. दादांनी कॅमेरा चाऱ्याच्या, कुटाराच्या टोपल्यावर अलगद ठेवला आणि बैलाच्या धन्याला सांगावं तशा आवाजात म्हणाले, "मोतीबिंदू हाय."

"कवापासूनचा?" ताईंनी विचारलं.

"कॅमेरा घेतला तवाचाच असन."

ज्या माणसाने टॉर्च धरून तालुक्यातल्या ढोरांचे डोळे तपासले, त्याला स्वतःचा डोळा गोठ्यात कळावा, यावर मी पुढे कधीतरी विनोद करणार होतो. पण त्या दुपारी दादांचा चेहरा पाहून राहून गेलं. ते घाबरले होते. ऑपरेशनची गोष्ट काढली की कापूस वेचणी चालू आहे म्हणत. वेचणी झाली तेव्हा तुरीचं निमित्त झालं. कॅमेरा कपाटात गेला. बोलणं कमी झालं. भिंतींवरच्या घड्याळांच्या वेळा एकमेकींपासून पुष्कळ लांब गेल्या तरी त्यांनी जुळवल्या नाहीत.

मग ताईंच्या नाटकाला नेरहून बोलावणं आलं. मंडळाच्या बायकांनी दादांना वाईट वाटू नये म्हणून हळूच, ताईंच्या मार्फत विचारलं, की फोटोसाठी नेरचाच एक स्टुडिओवाला सांगितला तर चालेल का. दादा म्हणाले, चालेल. जेवताना त्यांनी भाकरी अर्धी ठेवली आणि हात धुऊन येऊन ताईंना म्हणाले, "यवतमायच्या डॉक्टरले फोन लाव."

ऑपरेशनला मी सोबत होतो. दादांनी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना त्यांचं मशीन शेवटचं केव्हा तपासलं होतं ते विचारलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "आजोबा, आता बोलू नका." दादा आयुष्यात पहिल्यांदाच एका मशीनखाली मुकाट्याने पडून राहिले. पट्टी निघाली तेव्हा समोर ताई होत्या. दादांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणखी पाहिलं, आणि विचारलं, "तुह्ये केस कवा पिकले?"

"लय दिवस झाले," ताई म्हणाल्या. "औषध टाकाची वेळ झाली, वर पाहा."

नेरचा प्रयोगही दुपारचाच होता. पत्र्याच्या मोठ्या हॉलला काळे पडदे लावले होते. डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली होती म्हणून दादांनी कॅमेरा आणला होता, शाल मात्र नव्हती. नाटक सुरू होण्याआधी त्यांनी मेनूतला ब्राइटनेस खाली खाली आणत मधल्या रेघेवर ठेवला, आतून स्टेजकडे पाहिलं आणि मान डोलावली. स्टुडिओवाला पोरगा पुढे फिरत होता. पडदा सरकला. ताई आल्या, हॉल हसला. दादांनी कॅमेरा उचलला, मग खाली मांडीवर घेतला आणि दोन्ही हात त्याच्यावर ठेवून बसले. मी त्यांच्या शेजारी होतो. मला वाटलं, पुन्हा काही बिघडलं. कानाशी जाऊन विचारलं, तर नजर न हलवता म्हणाले, "पाहू द्या ना भाऊ."

परत निघालो तेव्हा ऊन उतरत होतं. मी गाडी चालवत होतो, ती दोघं मागे होती. दारव्हा मागे पडलं तेव्हा ताईंनी विचारलं, "फोटो काढले काय?"

"नाई."

ताई खिडकीतून पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग केलं काय एवढा वेळ?"

तेव्हा दादा सांगू लागले. सून पाणी घेऊन आली तेव्हा ताईंनी पेला न घेता नुसती भुवई कशी चढवली ते, पदर खुर्चीच्या खिळ्यात अडकला तो त्यांनी भांडणाच्या वाक्यातच कसा ओढून घेतला ते, आणि शेवटी सुनेच्या डोक्यावर हात ठेवताना बोटं कशी थरथरली ते. "ते नाटकात होतं का तुलेच रडू आलतं?" त्यांनी विचारलं. ताईंनी पदर सारखा केला. मग ते आधीच्या, यवतमाळच्या प्रयोगाबद्दल विचारू लागले, तिथेही भुवई अशीच चढवली होती का, तिथेही बोटं थरथरली होती का. ताई एकेक सांगत गेल्या. दिग्रस कधी गेलं ते दोघांनाही कळलं नाही. मी आरशात पाहायचं टाळलं आणि गाडी जरा हळू घेतली.