तळ्यातल्या नागाचा वैरी

जाळ्यात आलेला पहिला मासा तळ्यातल्या नागासाठी परत सोडायचा, हा माझ्या नोकरीच्या गावच्या भोयांचा रिवाज. भिकाआबा भोई नेमका तोच मासा काठावर भाजायचा आणि तळ्याकडे तोंड करून, काटे पाण्यात थुंकत खायचा. "देख, तुना घास मी खाई ऱ्हायनू," असं त्या नागाला बजावायचा.

दोंडाईच्याजवळच्या त्या गावात मी मास्तर होऊन गेलो तेव्हा स्वातंत्र्य नवं होतं आणि मला जगातलं सगळं कळत होतं. नागाची गोष्ट पहिल्याच आठवड्यात चौघांनी ऐकवली. कुणा बाईने सोनं वाढावं म्हणून डब्यात सोन्यावर नागाचं पिल्लू ठेवलं. पिल्लूच इतकं वाढलं, की घाबरून तिने डबा तळ्यात फेकला. तेव्हापासून त्याची पाठ पाण्यावर दिसली की गावात कुणीतरी जातं. मी हसलो. आबा हसला नाही.

त्याची सोळा वर्षांची आंडेर, म्हणजे मुलगी, काशी, त्याच तळ्यात बुडाली होती. जाळं तळाशी अडकलं, आबा तापाने फणफणलेला, म्हणून ते सोडवायला त्यानेच तिला पाण्यात उतरवलं. ती वर आली नाही. गाव म्हणालं, नागाने नेली. त्या दिवसापासून आबाने नागाशी उभा दावा मांडला.

त्याला उपाशी मारायचं, हा आबाचा बेत. बोटाएवढा मासाही तो सोडत नसे. पावसाळ्यात पोटात अंडी धरलेल्या, गाभोळीच्या माशांना बाकीचे भोई हात लावत नसत, हा तेही ओढायचा. भाऊबंदांनी पंगतीतून उठवलं तरी हटला नाही. "तो जित्ता शे तवलोंग मी मराव नही," म्हणायचा. मी त्याला शास्त्र समजवायला जायचो आणि तो माझ्याकडे कीव केल्यासारखा बघायचा. खोटं कशाला सांगू, मला भयंकर राग यायचा त्याचा.

मग एका वर्षी पाऊस फिरकलाच नाही. वैशाखात तळं पार आटलं. सगळं गाव काठावर उभं, आणि आबा एकटा कुऱ्हाड घेऊन चिखलात. दुपारपर्यंत त्याने कोपरा न् कोपरा उकरला. शिंपले निघाले, कुजलेल्या जाळ्याचे तुकडे निघाले. मी मोठ्या ऐटीत खाली उतरलो.

"आबा, आता तरी पटलं? नाग कधी नव्हताच."

आबा थांबला. "मंग मास्तर, मनी काशीले कोनी मारं?" तो म्हणाला. "पानीमा मीच धाडं ना तिले."

तो रडला असता तर बरं झालं असतं. इतकी वर्षं नागासाठी डोळ्यांत होता तो सगळा जाळ घेऊन तो स्वतःच्या हातांकडे बघत होता. मग त्याने कुऱ्हाडीच्या पात्यावरून अंगठा फिरवला.

मी घाईघाईने बांधाच्या मोरीकडे बोट दाखवलं. म्हटलं, "चुकलो मी, आबा. पाणी होतं तोवर तो या मोरीतून निसटला असणार. हा नाला तापीला मिळतो."

आबाने मोरीपाशी जाऊन आत वाकून बघितलं. दुसऱ्या दिवशी त्याने जाळं पाठीवर टाकलं आणि तापीची वाट धरली. मरेपर्यंत तिथेच नागाला शिव्या घालत मासे ओढत होता म्हणे.

खोटं बोलले म्हणून मी पोरांना छड्या पुष्कळ मारल्या. पण ते खोटं मी आजही बोलेन.