सातव्या मोहरेचा आवाज

काकी गेल्याचा फोन आला तेव्हा मी वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या सोसायटीच्या गेटपाशी इस्त्रीचे कपडे मोजून घेत होतो. फोनवर रेखावहिनी होती, काकीची सून. "भावोजी, आई गेल्या. चहा घेतला, कप खाली ठेवला नि..." अशा वेळी माणसाला रडू यावं. मला भीती वाटली. आणि ती काकीसाठी नव्हती, हे आज कबूल करतो. मनात पहिलं आलं ते हे, की आता त्या मोहरा माझ्याकडे येणार. याला महिना उलटून गेला. आता रडू येतं, वेळी-अवेळी येतं, पण आधी आलं ते भय.

काकी म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. पापडीच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला त्यांचं घर. मागे केळी, पुढे भात. शाळेला सुट्टी लागली की मी तिच्याकडेच असायचो. काकी भिणाऱ्यातली नव्हती. एकदा उधाणाचं पाणी बांध फोडून शेतात शिरलं, तेव्हा पुरुषमंडळी काठावर उभी राहून काय करावं याची चर्चा करत होती, आणि ही लुगडं खोचून कमरेएवढ्या पाण्यात उतरली. मोरीत साप निघाला तर मला म्हणाली, "काठी आन, नि लांब उभा ऱ्हा. नायतर सापाला सोडून तुलाच सांभालत बसायला लागेल." मी भित्री भागूबाई आहे हे साऱ्या घराला ठाऊक होतं, आणि काकी ते मजेत चारचौघांत सांगायची. अशी ही बाई आयुष्यभर एका नाण्याला भीत राहिली.

आमच्या घराण्यात सोन्याच्या सात जुन्या मोहरा आहेत. त्यांच्यावरची अक्षरं आमच्यात कुणालाच वाचता येत नाहीत. थोरल्या सुनेकडे त्या राहतात. लक्ष्मीपूजनाला त्या चिंचेच्या पाण्याने धुवायच्या आणि ताटात मांडण्याआधी एकेक मोहर वीतभर उंचीवरून दगडी पाट्यावर टाकायची. सगळ्यांनी कान देऊन ऐकायचं. खणखणीत वाजली की मोहर खरी. पूजेचं सोनं सोनाराच्या कसोटीवर घासू द्यायचं नाही असं आजी म्हणायची, त्यामुळे जी काय परीक्षा व्हायची ती या पाट्यावरच. सहा मोहरा वाजल्या की काकी घंटा घेऊन जोरजोरात हलवायची आणि त्या गजरात सातवी टाकायची. आम्हा मुलांना वाटायचं, तशी रीतच आहे. मी बारा वर्षांचा असताना घंटा माझ्या हातात दिली होती आणि मी वाजवायला विसरलो. सातवी मोहर नुसती थप्प करून पडली, ओट्यावर बिस्कीट पडावं तशी. काकीने माझ्याकडे पाहिलं, ते डोळे मी अजून विसरलेलो नाही.

घरी जाताना आईने मला सगळं सांगितलं. आजीने मोहरा काकीच्या हाती दिल्या तेव्हा सातही वाजत होत्या. पुढच्याच दिवाळीला एक मुकी झाली. त्याच वर्षी काकीच्या भावाने गावात पक्कं घर बांधलं. बस, लोकांना एवढं पुरे झालं. तोंडावर कुणी विचारलं नाही, पाठीमागे बोलायचं ते बोलून झालं. विचारलं असतं तर काकीने उत्तर तरी दिलं असतं. न विचारलेल्याला काय उत्तर देणार...

तीन वर्षांपूर्वी तिने मला बोलावून घेतलं आणि लाल खणाची पुरचुंडी माझ्या पिशवीत टाकली. "तू शिकलेला हायेस. मशीनवर दाखवून ये," ती म्हणाली. "मी काय केलं नाय रे. पन इतकी वर्सं आयकून आयकून मलाच वाटाया लागलंय, माज्या हातून काय झालं तर नाय ना... खरं काय ते सांग. मी घाबरत नाय." सुनेच्या वाट्याला ही बोलणी नकोत, माझ्यामागे मोहरा तूच सांभाळायच्या, हेही तिने तेव्हाच सांगून टाकलं. मी वसईतल्या एका सराफाच्या दुकानात गेलो. माझ्यापुढे एक बाई होती. तिच्या आईच्या बांगड्या सोन्याचा कस मोजायच्या मशीनवर ठेवल्या, माणसाने आकडा वाचला, आणि त्या बाईचा चेहरा उतरत गेला तो मी पाहिला. मी उठलो. पुरचुंडी पिशवीतून बाहेरसुद्धा काढली नव्हती. तासाभराने काकीपुढे उभा राहून म्हणालो, "सातही खऱ्या आहेत."

"मशीनवाल्यानं सांगितलं?"

"हो."

"तू समोर हुतास?"

"हो तर."

तिने पुरचुंडी घेतली, बोटांनी चाचपली. मग म्हणाली, "बरं झालं. आता जेवून जा." त्या दिवाळीत तिने घंटेला हात लावला नाही. सातवी मोहर सगळ्यांसमोर थप्प पडली आणि काकी ताठ बसून म्हणाली, "मशीनवर बघून आनलीय, ह्यानं." सगळे माझ्याकडे वळले. मी मान हलवली. तेव्हापासून काकीची भीती माझ्याकडे राहायला आली.

तेराव्याला रेखावहिनीने पुरचुंडी माझ्या हातात दिली. घरी आणून कपाटात ठेवली आणि जेवण जाईना. ती मोहर खोटी असली तर आता काकीवर चोरीचा शिक्का बसणार, ती उत्तर द्यायला नाही, आणि खोटी साक्ष माझी. शेवटी मागच्या आठवड्यात पुन्हा सराफाकडे गेलो. त्याने पुरचुंडी फिरवून पाहिली आणि कात्री मागवली. तोंड लाल दोऱ्याने शिवलेलं होतं, बारीक, एकसारख्या टाक्यांनी. त्याने मोहरा एकेक करून मशीनवर ठेवल्या. "सातही चोख आहेत," तो म्हणाला. मी सातवीचं पुन्हा विचारलं. त्याने भिंग लावलं. "ठसा मारून पाडलेली आहे, जुनीच. वजनही बाकीच्यांएवढंच. फक्त इथे चिरलीय. कडी जोडून परत काढलेली दिसते. चिरलेलं नाणं वाजत नाही हो."

कडी! आमच्यात लेकीच्या लग्नात एका मोहरेला कडी लावून ती नवरीच्या गळ्यात घालतात. मोहर मुकी झाली त्याच वर्षी माझ्या आत्याचं लग्न झालं होतं. सगळ्यांनी ती मोहर तिच्या गळ्यात पाहिली होती. कडी काढल्यावर ती सहांत मिसळून गेली, आणि कडीने आवाज जातो हे पाट्यावर विश्वास ठेवणाऱ्या आम्हा लोकांना कुठून कळणार?

रिक्षात बसलो तेव्हा इतकं हलकं वाटत होतं की रिक्षावाल्याशी गप्पा मारू लागलो. मग मांडीवरच्या खणाकडे लक्ष गेलं. कापलेला लाल दोरा त्याला लोंबत होता. पूजा झाली की काकी पुरचुंडीचं तोंड शिवूनच ठेवायची. म्हणजे त्या दिवशीही शिवलेलीच होती, आणि मी तिला तिचेच टाके जसेच्या तसे परत नेऊन दिले होते. तिच्या बोटांनी ते चाचपले होते. मोहर खरी की खोटी हे तिला कळलंच नाही. कळलं ते एवढंच, की मलाही तिचा संशय आहे. नाहीतर मी घाबरलो कशाला असतो? आणि हे कळूनही तिने मला जेवायला वाढलं, चारचौघांत माझी थाप स्वतःच्या तोंडाने खरी करून दाखवली. काकी, मला फार लाज वाटते गं.

घरी येऊन रेखावहिनीला फोन केला. मोहर खरी आहे, नुसती चिरलीय, असं सांगितलं. ती म्हणाली, "पण भावोजी, ते तर तुम्ही तेव्हाच बघून आलेलात ना? आई किती जणांना सांगायच्या, माझ्या पुतण्यानं माझं नाव राखलं म्हणून."

मी पुन्हा हो म्हणालो. पण मी हे ज्या पेपरच्या पुरवणीसाठी लिहितोय, तोच रविवारी त्यांच्या घरी येतो, आणि वहिनी आधी पुरवणी उघडते.