पिअरवर सर्वांचं स्वागत

आमच्या गावाचा बीच म्हणजे नुसते गोटे. अनवाणी चालायची सोय नाही, आणि पाण्यात पाय घातला की घोट्यापर्यंत बधिर. तरी गावाला त्याचा भारी अभिमान. त्याहून जास्त पिअरचा, म्हणजे लोखंडी खांबांवर समुद्रात आत गेलेल्या त्या लाकडी धक्क्याचा. त्याच्या टोकाला पूर्वी डान्स हॉल होता. आता तिथे ठणाणा करणारी खेळांची मशीनं आहेत.

गेल्या वर्षी या पिअरचा इतिहास मांडायला एक कमिटी निघाली. माझे सासरे तरुणपणी पुण्याहून इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून आले आणि इथेच रिटायर झाले. म्हणून कमिटीच्या अध्यक्षबाई त्यांच्या आठवणी घ्यायला घरी आल्या. हातात रेकॉर्डर, चेहऱ्यावर आधीच तयार ठेवलेलं कौतुक.

"पिअरवर पहिल्यांदा गेलात ते आठवतं?"

"चांगलं आठवतं," बाबा म्हणाले. "वॉर्डातल्या गोऱ्या सहकाऱ्यांबरोबर डान्सला गेलो होतो. दारावरच्या माणसाने त्यांना आत सोडलं. मला म्हणाला, तुमच्यासारख्यांना नाही. मी बाहेर बाकावर थांबलो. आत गेलेल्यांपैकी एकही परत आला नाही. मग चालत खोलीवर गेलो."

बाईंनी चहाचा घोट घेतला. "फार वाईट. पण काळच तसा होता, नाही का? एखादी आनंदाची आठवण?"

"पुढे मुलाला तिथे आइस्क्रीम खायला न्यायचो."

बाईंचा जीव भांड्यात पडला.

प्रदर्शन लायब्ररीत लागलं. बोर्डावर बाबांचा फोटो, खाली 'पिअरच्या आइस्क्रीमवर प्रेम करणारे आपले डॉक्टर'. आणि वर ठळक अक्षरांत: 'इथे सर्वांचंच स्वागत होतं.' बाबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि बाईंकडे गेले.

"ते वाक्य काढा, नाहीतर माझा फोटो काढा."

वाक्य छापलेलं होतं, म्हणे. फोटो नुसता चिकटवलेला होता. तो दोन मिनिटांत निघाला. त्या कमिटीला इतक्या झपाट्याने काम करताना मी एरवी कधी पाहिलं नाही.

गाडीत मी धुमसत होते. "बाबा, वाईट वाटलं का?"

"तेव्हा वाटलं होतं," ते म्हणाले. "तेव्हा बोललो नव्हतो. आज बोललो."

पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम जाऊन पाहिलं. वाक्य तसंच होतं. फोटोच्या जागी एक सीगल पक्षी लावला होता.